बास अँप आणि कॅबिनेटची जुळणी: ओहम, वॅट आणि पेटीतला एक परका स्पीकर

गाणं-बजावणं करणाऱ्या आमच्या मंडळींत बास गिटार वाजवणारा नेहमी एकटाच असतो. गिटारवाले तिघं भेटले की पेडलवर तासभर बोलतात, पण बासचं हेड (स्पीकर नसलेला सुटा अँप) कुठल्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) लावावं हे विचारायला माणूस सापडत नाही. ज्याला विचाराल तो एक ठाम वाक्य फेकतो आणि निघून जातो. मार्च ते ऑगस्ट 2025 या काळात मी हा उद्योग पुरा केला. पुढच्याचा थोडा तरी वेळ वाचावा म्हणून झालं तसं लिहितो आहे, किमतींसकट.

मार्चमध्ये हेड घेतलं. क्लास डी प्रकारचं (हलक्या, कमी तापणाऱ्या बनावटीचं), जेमतेम तीन किलो वजन, पाठीवरच्या बॅगेत मावतं. मागच्या पाटीवर दोन ओळी होत्या: 4 ओहमला 500 वॅट, 8 ओहमला 300 वॅट. ओहम म्हणजे जोडलेल्या पेटीचा विजेला होणारा विरोध. त्याखाली बारीक अक्षरात 'किमान 4 ओहम', म्हणजे याहून कमी ओहमची पेटी लावायची नाही. पूर्ण व्यवहारात सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि दुकानात तिच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवत नाही. सगळे 500 या आकड्याभोवती फिरतात.

कॅबिनेट हवं होतं ते दहा इंची चार स्पीकरचं. बास म्हटलं की डोळ्यांसमोर अँपेग कंपनीचं 1969 चं एसव्हीटी हेड आणि त्याखालची आठ स्पीकरची कपाटाएवढी पेटी येते, पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्याने ती स्वप्नं बघू नयेत. चार स्पीकरचीच चाळीस-बेचाळीस किलो भरते.

दोन महिने शोध चालू होता. या काळात सल्ले फुकट मिळाले. आमच्या ओळखीतला साउंडवाला दादा म्हणाला, "अँप कायम स्पीकरच्या दुप्पट घे. कमी पॉवरच्या अँपने स्पीकर उडतात." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यात अर्धं तथ्य आहे. अँप त्याच्या कुवतीबाहेर ताणला की लाटेचे शेंडे कापले जातात, म्हणजेच तो क्लिप होतो. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे 100 वॅटचा अँप कितीही रडवला तरी स्पीकरपर्यंत फार तर 200 वॅट पोचणार. 600 वॅटच्या पेटीतल्या वूफरला (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला) त्याने काही होत नाही. 300 वॅटच्या पेटीला 300 वॅटचा अँप रात्रभर क्लिप करत राहिलात तर मात्र स्पीकरमधली तारेची कॉइल जळेल, आणि ती जळेल जास्त पॉवरने, कमीने नव्हे. वरच्या ट्वीटरची (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची) गोष्ट वेगळी आहे. कापलेल्या लाटेत वरचे सूर वाढतात, तो नाजूक असतो आणि आधी तोच जातो.

मे संपता संपता ठाण्यात एक वापरलेलं कॅबिनेट मिळालं. मालक परदेशी निघाले होते, 24,000 ला सौदा ठरला. मागच्या धातूच्या पट्टीवरचं अर्धं लिखाण खरवडलेलं होतं, पण '8 ओहम' आणि '600' वाचता येत होतं. वाजवून पाहिलं, हळू आवाजात चारही स्पीकर बोलत होते. टेम्पो आणि दोन्हीकडची हमाली मिळून 1,800 गेले. पावसाच्या आधी आणलं हे बरं झालं. ताडपत्री असली तरी प्लायवूडच्या पेटीला जूनमधला बोरघाट मानवत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम मल्टिमीटरचं. हे कुणालाही जमण्यासारखं आहे. पेटी अँपपासून पूर्ण सुटी करायची, मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यावर ठेवायचा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरींचा स्वतःचा विरोध बघायचा (माझा 0.3 आला) आणि मग पेटीच्या सॉकेटवर मोजायचं. मीटर दाखवतो तो नुसत्या तांब्याचा विरोध. तो छापील ओहमपेक्षा नेहमी कमी असतो, कारण छापील आकडा ध्वनीच्या लहरी चालू असतानाचा, ढोबळ मानाने ठरवलेला असतो. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, 4 ओहमचा तीन ते साडेतीन. मोजताना शंकूला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) धक्का लागला तर आकडा नाचतो, तेव्हा मिनिटभर शांत राहावं. शेजारी बस गेली तरी माझा नाचत होता.

वायरींचे 0.3 वजा करून आकडा आला 5.1.

हा कुठल्याच खान्यात बसेना. 4 ओहमची पेटी म्हणावी तर फार जास्त, 8 ची म्हणावी तर कमी. कुणी म्हणालं असतं की चालायचंच, जुना माल आहे. पण तांब्याचा विरोध वय झालं म्हणून उतरत नाही. जाळी काढली, प्रत्येक स्पीकरचे आठ स्क्रू सोडवले, चिकट झालेली गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचकटली आणि वायरी सोडवून चारही स्पीकर वेगवेगळे मोजले. वायरी सोडवल्याशिवाय मोजण्यात अर्थ नसतो, बाकीचे तिघं आकड्यात मिसळतात.

तीन स्पीकर 5.8. चौथा 3.2.

पालथा करून बघितला तर चुंबकच वेगळा, शंकू जाड आणि रबरी, कडा फुगीर. कुणीतरी केव्हातरी जळालेल्या स्पीकरच्या जागी गाडीतला सबवूफर बसवला होता. गाडीतले बहुतेक सबवूफर 4 ओहमचे असतात. व्यास दहा इंच जुळला, भोकं जुळली, वाजलं, विषय संपला. विकणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवले. त्यांनीही ते तसंच घेतलेलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी स्वतःहून 3,000 परत पाठवले. अशी माणसं भेटतात, हेही लिहून ठेवायला हवं.

इथे थोडं गणित येतं, पण ते टाळू नका, कारण मला वाटलं होतं त्याच्या उलट उत्तर निघालं. पेटीत दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडलेले होते आणि अशा दोन जोड्या समांतर. चारही 8 ओहमचे असते तर प्रत्येक जोडी 16 ची आणि दोन जोड्या समांतर म्हणजे पुन्हा 8. आता एक जोडी 16 ची राहिली आणि दुसरी 8 अधिक 4, म्हणजे 12 ची झाली. एकूण 6.9 च्या आसपास. अँपला याचा काहीच त्रास नाही, त्याची किमान अट 4 ची. त्रास आत आहे. 12 च्या जोडीतून जास्त करंट जातो, आणि त्याच करंटमध्ये 8 चा स्पीकर 4 च्या दुप्पट शक्ती खातो. पेटीत एकूण 300 वॅट सोडले तर धडधाकट जोडीतले दोघं प्रत्येकी सुमारे 64 वॅट घेतात, परका सबवूफर 57, आणि त्याच्या जोडीला बसलेला बिचारा चांगला स्पीकर 114. चूक एकाची आणि मार शेजाऱ्याला. पुढे जळला असता तो हा चांगला स्पीकर, आणि मग लोक म्हणाले असते की कंपनीचा माल खराब.

म्हणून वापरलेली पेटी घेताना नुसती वाजवून बघू नका. दहा मिनिटं मीटर लावा. विकणारा नाही म्हणाला तर किमतीत ते धरा.

आता चौथा स्पीकर आणायचा कुठून? मूळ मॉडेल बंद झालेलं. चारही नवे घ्यायचे तर पुण्यातल्या एका दुकानाने भाव दिला 7,800 चा एक, चारचे 31,200, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36,816. पेटीपेक्षा स्पीकर महाग. एकच वेगळ्या कंपनीचा 8 ओहमचा बसवला तर वीज सारखी वाटली जाईल, पण प्रत्येक मॉडेलच्या शंकूचा ताठरपणा आणि हालचाल वेगळी असते आणि एकाच पेटीत हवा सगळ्यांची सामाईक असते, त्यामुळे तेही मनाला पटेना.

उरला मार्ग रिकोनिंगचा, म्हणजे जुन्या फ्रेममध्ये नवी कॉइल आणि शंकू बसवण्याचा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे विचारत विचारत एका वाड्याच्या तळमजल्यावर रिकोनिंग करणारे काका सापडले. जून अर्धा सरला होता. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. अठरा इंची स्पीकर एकावर एक रचलेले, प्रत्येकावर खडूने मंडळाचं किंवा साउंडवाल्याचं नाव. काका मान वर न करता म्हणाले, "गणपती होईपर्यंत हात मोकळा नाही. दिवाळीत या."

मी सबवूफर आणि एक मूळ स्पीकर दोन्ही पिशवीतून काढून समोर ठेवले. गणित ऐकवलं. त्यांनी 114 चा आकडा ऐकून पहिल्यांदा वर बघितलं. "हे बरोबर आहे. माझ्याकडे असे येतात. लोक जळलेला आणतात, जाळणारा पेटीतच ठेवून येतात." मग माळ्यावरून त्याच बनावटीची एक जुनी फ्रेम काढली, कॉइल जळून काळी झालेली. फ्रेमचे 1,500, रिकोनचं साहित्य आणि मजुरी 3,200. पावती मागितली तर छापील जॉब कार्ड दिलं, त्यावर 8 ओहम, कॉइलचा व्यास आणि तारीख लिहून घेतली. हे तुम्हीही करा, पुढे पेटी विकताना कागद कामाला येतो. त्यांनी सांगितलं, आषाढीनंतर या. आषाढी एकादशी 6 जुलैला होती. प्रत्यक्षात महिना उलटत आला तेव्हा स्पीकर हातात पडला, पण त्या गर्दीत तेही लवकरच म्हणायचं.

मधे एकदा चौकशीला गेलो तेव्हा नेमकं माझंच काम चाललं होतं, तासभर बसून पाहिलं. जुना शंकू ब्लेडने कापून काढलेला. चुंबकाच्या फटीत चिकटपट्टीची दुमडलेली घडी घालून ते आतला जळका कचरा बाहेर ओढत होते. पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग नवी कॉइल आत सोडली आणि तिच्या आतून एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल फटीच्या बरोबर मध्यभागी उभी राहते. त्यानंतर स्पायडर (कॉइलला मध्यभागी धरणारी लवचिक चकती), शंकू, कडा, प्रत्येक ठिकाणी गोंदाची एकसारखी रेघ. गोंद सुकला की पट्ट्या काढायच्या आणि शेवटी मधली टोपी चिकटवायची. दोन्ही अंगठ्यांनी शंकू सरळ आत दाबून ते कान लावून ऐकतात. खरखर आली तर सगळं पुन्हा.

स्पीकर घरी आल्यावर मीटरवर 5.7. छान. मग दिशा तपासली. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला लावली की शंकू बाहेर आला पाहिजे. चारातला एक उलटा जोडला गेला तर तो बाकीच्यांचा बास खातो आणि आपण इक्वलायझरशी भांडत बसतो. सगळं जोडून पेटीच्या सॉकेटवर मोजलं, 5.8. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी बास हातात घेतला.

पण पूर्ण आवाजाला अजून धजत नव्हतो. पेटीवर 600 लिहिलेलं, अँप 8 ओहमला 300 चा. कागदावर निवांत. तरी 600 हा आकडा कॉइलच्या उष्णतेचा असतो. चार स्पीकर, प्रत्येकी 150. शंकूची पुढे-मागे जायची मर्यादा वेगळी, आणि खालच्या सुरांना ती फार आधी गाठली जाते. चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा ई 41 हर्ट्झचा, पाच तारांचा बी तर 31 चा. पेटीला भोक असेल तर ते ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि शंकू मोकाट हलतो. कॉइल गरमही झालेली नसते आणि आत ठक्क आवाज येतो. तो आवाज आला की ताबडतोब बासचं बटण मागे. हेडवर हाय पास फिल्टर (ठरलेल्या सुराच्या खालचं गाळून टाकणारा) होता तो मी 40 हर्ट्झवर ठेवला. कमी ऐकू येईल ही भीती व्यर्थ ठरली, उलट आवाज घट्ट झाला.

अँप खरंच किती देतो आणि कुठे क्लिप होतो हे मोजण्यासाठी डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टरचा संच, केला. अखंड सूर सोडून स्पीकरवरच मोजमाप करणं म्हणजे कॉइल भाजणं, शिवाय शेजारी आहेत. बुधवार पेठेतूनच 8 ओहम 100 वॅटचे सोनेरी अ‍ॅल्युमिनियम अंगाचे चार रेझिस्टर आणले, 450 चा एक. जोडणी पेटीतलीच, दोन-दोन एकामागे एक, मग समांतर. भंगारातली हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) 300 ला. हीटसिंकशिवाय या रेझिस्टरवरचा 100 चा आकडा खरा धरू नका, आणि मोजणी काही सेकंदांतच आटपा. फोनमधून 100 हर्ट्झचा सूर सोडला, मीटर एसी व्होल्टवर. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. 300 वॅटला 8 ओहमवर 49 व्होल्ट यायला हवेत. माझ्याकडे क्लिपचा दिवा लुकलुकला तेव्हा 47 होते, म्हणजे सुमारे 276 वॅट. पाटी फारशी खोटी बोलत नव्हती.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. एवढ्या व्होल्टला उघड्या टोकांना हात लावायचा नाही. आणि अनेक क्लास डी अँपमध्ये आउटपुटची दोन्ही टोकं जिवंत असतात, ऋण टोक म्हणजे अर्थिंग नव्हे. त्याला अर्थिंग केलेलं कुठलंही उपकरण जोडलं तर अँप जातो. बॅटरीवरचा साधा मीटर चालतो.

केबल स्पीकॉन या स्पीकरच्या कनेक्टरचीच केली, अडीच चौरस मिलिमीटरची दोन कोअर तांब्याची वायर, दोन कनेक्टर, सगळे मिळून 1,150. गिटारची केबल दिसायला सारखी असते आणि पिनही बसते, पण तिच्यातली आतली तार केसासारखी. शिवाय जॅक चालू अँपमधून उपसताना क्षणभर शॉर्ट होतो. स्पीकॉन फिरवून कुलूप होतो, पायात आला तरी निघत नाही.

खर्चाचा हिशेब: पेटी 24,000, वाहतूक 1,800, फ्रेम आणि रिकोन 4,700, रेझिस्टर 1,800, हीटसिंक 300, केबल 1,150. एकूण 33,750, त्यातून परत आलेले 3,000 वजा.

गणपती 27 ऑगस्टला बसले आणि रविवारी 31 तारखेला एका सोसायटीच्या मंडळात आमचा कार्यक्रम होता. त्याआधी मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन, महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीसाठी प्रत्येकाने आपल्या सामानाचा विजेचा भार लिहून द्यायचा. त्याने माझ्या नावापुढे 500 लिहून ठेवलेच होते. अँपच्या पाठीवर मेन सॉकेटजवळ वेगळा आकडा असतो, विजेच्या मागणीचा. माझ्या हेडवर 120 वॅट आहे. संगीत सलग पूर्ण ताकदीने वाजत नाही, म्हणून तो सरासरी वापरावर काढलेला असतो. फोटो पाठवला, त्याने दुरुस्त केलं. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी मंडळाने काढली होती, रात्री दहाला बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. ती वाचल्यावर 300 की 500 हा वाद जरा गमतीचाच वाटतो. तसाही 300 चा 500 झाला तर फरक पडतो फक्त 2.2 डेसिबलचा.

साउंड चेकला मीटर सोबत नेला होता. बास डीआय मधून (बासचा सूर थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीतून) मुख्य साउंडला गेला होता, माझी पेटी फक्त आम्हाला ऐकू यावं म्हणून मागे. जोरकस वाजवताना मीटर फार तर 12 व्होल्टपर्यंत जात होता. 12 चा वर्ग 144, भागिले 8, म्हणजे अठरा वॅट. ड्रमर तेवढ्यावरही म्हणाला, "जरा कमी कर रे."

आता दुसऱ्या पेटीचा विचार डोक्यात आहे, छोटी, बारा इंची एक स्पीकरची. ती 8 ओहमचीच हवी, म्हणजे दोन्ही मिळून 4 होतील आणि अँप पूर्ण 500 देईल. पण वाटणी निम्मी-निम्मी, म्हणजे त्या एकट्या स्पीकरच्या वाट्याला 250 येणार, तो तेवढ्याचा असायला हवा. 4 ओहमची चांगली पेटी स्वस्तात मिळते आहे, पण 8 ला 4 समांतर म्हणजे 2.7, हेडच्या किमान अटीच्या खाली. तिला नाही म्हणून कळवलं. आमच्या बॅन्डच्या गिटारवाल्याने तीच पेटी त्याच्या ट्यूब (व्हॉल्व्हच्या) हेडसाठी बघायला घेतली आहे. त्याला एवढंच सांगितलं की ट्यूबचे नियम वेगळे, मागच्या 4-8-16 च्या खटक्यावर पेटीचा खरा आकडाच निवड, आणि पेटी जोडल्याशिवाय हेडमधून कधीही वाजवू नकोस. मीटर त्याच्याकडेच आहे सध्या.